चुना-हळदीचे ठिपके : मॅमोग्राफीतल्या एका खोट्या सावलीचा तपास

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निफाड तालुक्यातून एक बाई आमच्या सेंटरवर आल्या. वय ४८, घरची द्राक्षबाग. गोडी छाटणी होऊन गेलेली, घडांचं डिपिंग आणि विरळणी चालू, म्हणजे दिवसभर मांडवाखाली हात वर. तीन आठवड्यांपासून डाव्या स्तनात, बाहेरच्या आणि खालच्या बाजूला दुखत होतं आणि हाताला गाठीसारखं लागत होतं. गावातल्या डॉक्टरांनी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी लिहून दिली होती. (ओळख पटू नये म्हणून गाव, वय असे दोन-चार तपशील बदलले आहेत. तपासाचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.)

नाशिकमधल्या या सेंटरवर मॅमोग्राफीची खोली मी सांभाळते. त्या दिवशीच्या प्रतिमा मीच घेतल्या आणि त्याआधीचा प्रश्नही मीच विचारला होता. पुढचं सगळं त्या प्रश्नापाशी येऊन थांबतं, म्हणून तो जसाच्या तसा देते : "ताई, अंगाला पावडर, क्रीम, डिओ काही लावलंय का?"

"नाही."

मी फॉर्मवर खूण केली. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन अशा नेहमीच्या चार प्रतिमा घेतल्या. सीसी म्हणजे वरून खाली दाबून, आणि एमएलओ म्हणजे तिरपं दाबून. उजवी बाजू स्वच्छ होती. डावीकडे बाहेरच्या-खालच्या भागात बारीक, अतिशय पांढरे ठिपके होते, बहुतेक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान. काही एकेकटे, पण बरेचसे ओळीने, आणि दोन ठिकाणी ती ओळ फुटून तिला फाटा आलेला.

हे काम करणाऱ्या कुणालाही अशी ओळ पाहून पोटात खड्डा पडतो. स्तनात कॅल्शियमचे कण अनेक निरुपद्रवी कारणांनी साठतात आणि तसे ते विखुरलेले, गोल, एकसारखे दिसतात. पण दूधवाहिनीच्या आतल्या अस्तरात कर्करोगाच्या पेशी वाढत असतील, तर कॅल्शियम त्या नळीच्या आकाराने साठतं. म्हणून ते रेषेत दिसतं, आणि नळीला फाटा असेल तिथे रेषेलाही फाटा येतो. आमच्या रेडिऑलॉजिस्ट डॉक्टरांनी बायरॅड्स, म्हणजे मॅमोग्राफीच्या अहवालातल्या ठरलेल्या वर्गवारीत, ४-सी असा शेरा दिला. या वर्गात कर्करोग निघण्याची शक्यता ५० टक्क्यांहून जास्त धरतात. सोनोग्राफीत काहीच सापडलं नव्हतं, पण त्याने दिलासा मिळत नाही. इतके बारीक कण सोनोग्राफीला बहुतेक वेळा दिसतच नाहीत. पुढची पायरी ठरलेली होती : त्या भागाच्या मोठ्या करून घेतलेल्या, म्हणजे मॅग्निफिकेशन प्रतिमा, आणि मग स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी, म्हणजे मॅमोग्राफीवरून नेमकी जागा धरून सुईने तुकडा काढणं. सर्जनशी बोलणं झालं, बायोप्सीची तारीखही मिळाली. घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं असेल आणि त्या रात्री त्या घरात कुणाचा डोळा लागला असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. नंतर खूप सुचलं.

पाचव्या दिवशी त्या मॅग्निफिकेशनसाठी आल्या. प्रतिमा पडद्यावर आली आणि मी डॉक्टरांना हाक मारली. ठिपके कमी झाले होते. रेषांपैकी एक पूर्ण गायब, दुसरी तुटक. शिवाय आधी मोकळ्या असलेल्या एका जागी दोन नवे ठिपके. मॅग्निफिकेशनमध्ये कण जास्त स्पष्ट दिसायला हवेत, संख्याही वाढली तर वाढावी. पाच दिवसांत नळीतला कॅल्शियम विरघळत नाही आणि उठून शेजारी जाऊन बसत नाही.

डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या. बायोप्सी तूर्त थांबवायची, आणि हे ठिपके कुठले आहेत ते कळेपर्यंत "आर्टिफॅक्ट", म्हणजे आजाराची नसलेली खोटी सावली, हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. दुसरी सूचना मला तेव्हा कडक वाटली. आज ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, तिच्याकडे पुढे येते.

संशय आधी यंत्रावर गेला. डिटेक्टरवरची धूळ, दाबणाऱ्या पॅडलवरचा ओरखडा, जंतुनाशकाचा वाळलेला थेंब, यांतलं काहीही पांढरा ठिपका देऊ शकतं. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "कॅलिब्रेशन करून टाका." आम्ही ते मुद्दाम केलं नाही. कॅलिब्रेशनच्या वेळी यंत्र समोर दिसतं ते कोरं धरतं आणि त्यावरून प्रत्येक प्रतिमा सुधारतं. त्या क्षणी वर घाण असेल तर ती घाणच कोरी ठरते, आणि तिथून पुढे प्रत्येक बाईच्या प्रतिमेत त्या जागी उलटा डाग उमटत राहतो. शिवाय पुरावा पुसला जातो तो वेगळाच.

त्याऐवजी आम्ही पहिल्या दिवशीच्या सगळ्या प्रतिमा वेळेच्या क्रमाने उघडल्या. या बाईंच्या आधीच्या रुग्णांच्या प्रतिमा स्वच्छ होत्या. त्यांच्यानंतर लगेच आलेल्या बाईंच्या प्रतिमांत तीन ठिपके होते. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंच्या प्रतिमांत ते पडद्यावर त्याच जागी होते. शरीरातली गोष्ट अशी वागत नाही, स्तन बदलला की तिची जागा बदलते. म्हणजे हे तीन ठिपके यंत्रावरच होते. क्षणभर वाटलं, सापडलं. पण निफाडच्या बाईंचे ठिपके तसे वागत नव्हते. सीसीमध्ये ते बाहेरच्या बाजूला, एमएलओमध्ये खालच्या बाजूला, म्हणजे स्तनाबरोबर फिरत होते. आणि त्यांच्या उजव्या बाजूच्या प्रतिमा, ज्या मी डावीच्या आधी घेते, त्या निर्मळ होत्या.

वेळेचा क्रम आणि जागा जोडून पाहिल्यावर एकच अर्थ निघत होता. यंत्राने त्यांना काही दिलं नव्हतं, त्यांच्याकडून यंत्राला काहीतरी लागलं होतं आणि यंत्राने ते पुढच्या बाईला दिलं होतं. पॅडल काढून खिडकीशी धरलं. स्तनाला टेकते त्या बाजूला, कडेजवळ, पांढुरका भुगा नखाला लागेल इतपत होता. दोन रुग्णांच्या मध्ये मी खालचा पृष्ठभाग नेमाने पुसते. पॅडलची ही बाजू वर राहते, वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही, आणि घाईच्या दिवशी तिच्यावरून नुसता हात फिरतो. त्या दिवशी तसंच झालं होतं.

आता प्रश्न होता, काय लागलं? द्राक्षबागेची गोष्ट माहीत असल्याने माझ्या मनात आधी बोर्डो मिश्रण आलं. मोरचूद आणि चुना, दोन्ही क्ष-किरणांत ठळक दिसणाऱ्या वस्तू. फवारणीचा अंश अंगावर राहिला असेल का? पण मग तो हातावर, मानेवर, दोन्हीकडे असायला हवा. एकाच स्तनाच्या खालच्या-बाहेरच्या भागात, म्हणजे बरोबर दुखत होतं तिथेच, तो कसा बसेल?

दुखत होतं तिथेच. हे मनात उच्चारलं आणि मला आठवलं की पहिल्या दिवशी त्या जागी त्वचेवर फिकट पिवळी झाक होती. दिवाळी नुकतीच झालेली, उटण्याचा रंग राहिला असेल असं मनात येऊन गेलं आणि ते तिथेच विरलं. मी विचारलं नाही, लिहिलंही नाही.

बाहेर त्या आणि त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. मी त्यांना एकट्यांना आत घेतलं, गाऊन घालायच्या आधी, दार लावून. या वेळी वेगळं विचारलं : "ताई, दुखायला लागल्यापासून घरी काय काय करून पाहिलंत?"

त्या लगेच बोलल्या. "शेक घेतला. मग आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चुना-हळद लावून दिली, गाठ बसते म्हणून. रात्री लावायची, सकाळी धुवायची. इथं येण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत लावली."

"मी पहिल्या दिवशी विचारलं होतं ना, काही लावलंय का?"

"तुम्ही पावडर-क्रीमचं विचारलं, मॅडम. ते मी कधीच लावत नाही. आणि सकाळी साबणाने चांगलं धुऊन आले होते."

त्यांचं उत्तर खरं होतं. पावडर नाही, क्रीम नाही, आणि आंघोळ करून आल्यामुळे "लावलंय का" याचंही उत्तर नाहीच. लेप ही त्यांच्या दृष्टीने औषधाची गोष्ट, नटण्याची नव्हे. माझा प्रश्न नटण्याबद्दल होता.

धुऊनही तो का राहिला, हे समजून घ्यायला थोडं रसायनशास्त्र लागतं. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पातळ थरात वाळताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट होतो. हा पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, साबणालाही दाद देत नाही. भिंतीला दिलेला चुना पावसात टिकतो तो याच कारणाने. लेप सुकताना आक्रसतो, तडकतो. वरचा पापुद्रा निघतो, पण त्वचेच्या बारीक रेघांत आणि छिद्रांत शिरलेला भाग तिथेच राहतो. ठिपके ओळीत का होते आणि ओळींना फाटे का होते, याचं उत्तर हे. त्या रेषा दूधवाहिन्यांच्या नव्हत्या, कातडीच्या रेघांच्या होत्या. स्तन दाबून सपाट केला की त्वचेवरचं आणि आतलं सगळं एकाच चित्रात एकावर एक पडतं. वर काय आणि आत काय, हे त्या चित्रावरून ओळखता येत नाही.

आणि एवढासा कण इतका झगझगीत का? मॅमोग्राफी साधारण २५ ते ३२ किलोव्होल्टच्या मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या किरणांवर चालते, छातीच्या एक्स-रेपेक्षा खूप कमी. या पट्ट्यात किरण किती शोषले जातात हे जवळपास अणुक्रमांकाच्या घनावर ठरतं. कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, मऊ ऊतींचा सरासरी ७ च्या आसपास. बारीक कॅल्शियम दिसावा म्हणूनच ही तपासणी अशी बांधलेली आहे, तो आतला की बाहेरचा हे तिला कळत नाही. हळद डोळ्याला दिसते, यंत्राला नाही, चुन्याचं उलटं.

तरी हे सगळं अजून तर्काच्याच पातळीवर होतं. दुपारी आम्ही खात्री करून घेतली. माणसावर विनाकारण किरण टाकायचे नसतात, स्वतःवरसुद्धा नाही, म्हणून मटणवाल्याकडून कोंबडीची कातडी आणवली. पिसांची छिद्रं असल्याने ती आपल्या त्वचेच्या थोडी जवळ जाते. तुकडे करून प्लास्टिकच्या पिशवीवर पसरले, चुना-हळदीचा लेप लावून पंख्याखाली वाळवले. एक तुकडा तसाच ठेवला, एक साबणपाण्याने धुतला, एक आधी खोबरेल तेलाच्या कापसाने पुसून मग साबणाने धुतला. चौथा नुसत्या हळदीचा. चाचणीच्या ॲक्रिलिक ठोकळ्यावर ठेवून प्रतिमा घेतल्या. हळदीचा तुकडा कोरा. तसाच ठेवलेला तुकडा पांढराफटक, भेगांसह. साबणाने धुतलेल्या तुकड्यावर ओळीने ठिपके होते, आणि ते पाहून खोलीत कुणी काही बोललं नाही, कारण पहिल्या दिवशीचं चित्र आम्ही पुन्हा पाहत होतो. तेलाने पुसलेल्या तुकड्यावर अगदी तुरळक.

मग त्यांची त्वचा तेलाच्या कापसाने हलक्या हाताने, नंतर कोमट पाणी आणि साबणाने, मग पुन्हा कापसाने अशी स्वच्छ केली. पहिला कापूस तांबूस पिवळा आला. चुन्याशी मिळाली की हळद लाल होते, पूर्वी घरोघरी कुंकू असंच करत. पॅडल आणि खालचा पृष्ठभाग धुऊन, रिकाम्या ठोकळ्याची प्रतिमा कोरी आल्यावरच डाव्या बाजूच्या दोन प्रतिमा घेतल्या. रेषा नव्हत्या, ठिपके नव्हते. आत एक गोल, जुना, निरुपद्रवी कण होता, तो आधीच्या प्रतिमांतही त्याच जागी सापडला. अंतिम शेरा बायरॅड्स २, म्हणजे निरुपद्रवी. दुखण्याचं मूळ बहुधा स्तनाखालच्या छातीच्या स्नायूत होतं, दिवसभर हात वर ठेवण्याच्या कामामुळे, आणि हाताला लागणारी "गाठ" सोनोग्राफीनुसार साधी ग्रंथींची ऊती.

त्यांना मिळालेले चार जादा एक्सपोजर ही छोटी गोष्ट समजून मी सोडून देत नाही. किरणांची मात्रा कमी असली तरी ती त्यांना आमच्या प्रश्नाच्या चुकीमुळे मिळाली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "माझ्यामुळं झालं का हे?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आजी, तुम्ही मायेने केलंत. चूक आमच्या विचारण्यात झाली." चुना कातडी भाजू शकतो, स्तनावर तो पुन्हा लावू नका, एवढं मात्र सांगितलं. नंतर डॉक्टरांनी नवा अहवाल दिला. त्यात पहिल्या अहवालातला निष्कर्ष का मागे घेतला हे कारणासकट लिहिलं, कारण जुना कागद घरी राहणार आणि उद्या दुसऱ्या कुणा डॉक्टरांच्या हाती लागणार. इंग्रजी मजकुराखाली त्यांनी पेनाने मराठीत दोन ओळी लिहिल्या. बाईंनीच मागितल्या होत्या, घरी वाचून दाखवायला.

दुसऱ्या बाईंचंही पाहायचं होतं, पॅडलवरचे तीन ठिपके ज्यांच्या वाट्याला आले त्यांचं. त्यांच्या अहवालात ते निरुपद्रवी म्हणून नोंदले गेले होते, त्रास काही झाला नव्हता. तरी फोन करून बोलावलं, सगळं सांगितलं आणि अहवाल दुरुस्त करून दिला. पुढच्या वर्षी तुलना करताना "हे ठिपके कुठे गेले?" असा प्रश्न पडला असता.

आता डॉक्टरांच्या त्या कडक सूचनेबद्दल. या प्रकरणानंतर महिनाभरात मला एक धोका दिसू लागला. संशयास्पद ठिपके दिसले की आमच्यातलंच कुणी म्हणायचं, "लेप असेल." खोटी सावली खरी मानली तर एक बायोप्सी जास्त होते आणि काही रात्री वाईट जातात. खरी सावली खोटी मानली तर हातातला वेळ जातो, आणि या आजारात वेळ हेच उपचाराचं बळ आहे. म्हणून खोलीत नियम केला : स्वच्छ करून पुन्हा घेतलेल्या प्रतिमेत ठिपका नाहीसा झाला तरच तो आर्टिफॅक्ट. नाहीसा झाला नाही तर त्या जागी त्वचेवर खूण चिकटवून स्पर्शिकेच्या दिशेने, म्हणजे किरण त्या जागी कातडीला घासून जातील अशी प्रतिमा घ्यायची, म्हणजे तो कातडीत आहे की आत ते दिसतं. तरीही शंका राहिली तर बायोप्सी, कारणं न शोधता.

बाकी बदल लहान आहेत. कपडे बदलण्याच्या खोलीत बेसिन, कोमट पाणी, तेल आणि कापूस ठेवले. पॅडलची स्तनाकडची बाजू प्रत्येक रुग्णानंतर पुसून उजेडात पाहायची, आणि पुसणारीने सही करायची. त्वचेवर रंग, चीर, तीळ, व्रण, गोंदण जे दिसेल ते कागदावरच्या आकृतीत काढायचं.

आम्ही एक पोस्टरही लावलं होतं. त्याचा उपयोग झाला नाही. घाबरून आलेली बाई भिंत वाचत नाही. उपयोग झाला तो प्रश्न बदलल्याचा. आता "काही लावलंय का" असं आम्ही विचारत नाही, त्याचं उत्तर नाही असंच येतं. "दुखतंय म्हणून घरी काय काय केलं?" असं विचारतो, आणि मग एकेक नाव घेतो : चुना-हळद, उटणं, चंदन, मुलतानी माती, अंगारा, भस्म, बाम, जस्ताचं मलम, घामोळ्यांची पावडर, काखेत तुरटी. जस्त, टाल्कम आणि डिओतलं ॲल्युमिनियम हे मॅमोग्राफीत ठिपके देतात हे जुनंच ज्ञान आहे. आपल्या घरांतल्या वस्तूंची नावं त्या यादीत नव्हती, एवढंच. कळवण-सटाण्याकडच्या बायका आल्या की आमच्या मावशी हाच प्रश्न अहिराणीत विचारतात, आणि मला न मिळालेली उत्तरं त्यांना मिळतात.

शेजारच्या एक्स-रे खोलीतही हे पोचलं. तिथली अडचण वेणीची. तेल लावून घट्ट घातलेली जाड वेणी खांद्यावरून पुढे आली की छातीच्या एक्स-रेत फुप्फुसाच्या टोकावर पडते, आणि टीबीची सावलीही नेमकी तिथेच शोधतात. वेणी वर बांधायला सांगणं हे तंत्रज्ञांना पहिल्या वर्षी शिकवतात, पण गर्दीत राहून जातं. आता तिथे हातात केसांचा चाप देऊनच मुलीला आत घेतात.

नावांची ती यादी छापलेली नाही, वहीत हाताने लिहिलेली आहे, कारण ती वाढते. गेल्या महिन्यात सुरगाण्याकडच्या एक मावशी आल्या, स्तनावर काळपट, जाड खपली. एवढी नावं घेतली, प्रत्येकाला मान नाही म्हणून हलली. शेवटी आमच्या मावशींनी विचारलं, "बिब्बा?" त्या हसल्या आणि हो म्हणाल्या. ती खपली आकृतीत काढली, डॉक्टरांना आधीच दाखवली, आणि वहीत बिब्बा लिहिला.